तिसरी चढाई

ढवळे सर बोलायला लागले की आधी समोरच्याचं मनगट धरायचे. हात मिळवणं नव्हे आणि प्रेमानं हातात हात घेणं तर नव्हेच. अंगठा आतल्या बाजूनं शिरेवर, चार बोटं बाहेरून, आणि मग बोलणं सुरू. पोस्टमन असो, पिठाच्या गिरणीवाला असो, नाहीतर शाळा तपासायला आलेले साहेब असोत, सगळ्यांना एकच पकड. नवखा माणूस थोडं ओढून पाहायचा, मग अवघडून हसायचा आणि शेवटी मुकाट्यानं ऐकून घ्यायचा. सरांचं सांगून झालं की मनगट सुटायचं, त्याआधी नाही. त्यांनी जन्मभर पोरांना कबड्डीतली पकड शिकवली. ती शाळेच्या तासापुरती ठेवायची असते हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगणार तरी कोण? सांगायला गेलं की मनगट धरलं जायचं.

माझं मनगट पहिल्यांदा त्यांच्या हाती लागलं तेव्हा मी आठवीत होतो. खेळाच्या तासाला शाळेच्या मागच्या फाटकातून सटकत होतो. सर फाटकाबाहेरच उभे होते. "सुटून दाखव," एवढंच म्हणाले. मी ओढलं, पिळलं, खाली बसलो, रडायचं नाटक केलं. काहीच जमेना तेव्हा त्यांच्या हाताला चावलो.

सरांनी हात सोडला, दातांच्या खुणा नीट पाहिल्या आणि विचारलं, "नाव काय तुझं?"

"कुलकर्णी."

"कुलकर्णी आन चावतो? म्हंजे सुटायची इच्छा लई हाय तुला. उद्या सकाळी साडेपाचला ग्राउंडवर ये."

आमच्या घरात सात पिढ्यांत कुणी कबड्डी खेळलं नव्हतं. आजोबा भिक्षुकी करायचे, वडील तहसिलीत कारकून. मी मातीत लोळून घरी आलो तेव्हा आईनं मला दारातच थांबवलं. तिसऱ्या दिवशी सर स्वतः घरी आले. वडिलांचं मनगट धरून म्हणाले, "साहेब, पोरगं बारीक हाय, पण वळवळतं लई. मला द्या." वडील सौम्य माणूस. त्यांनी दोनदा हात मागे घेऊन पाहिला आणि मग हो म्हणाले. त्यांचा नाइलाज झाला होता, हे ते अजूनही सांगतात.

सर मूळचे अजिंठ्याकडच्या एका खेड्यातले, शेतकरी घरातले. खेळाचे शिक्षक म्हणून शहरात आले, गारखेड्यात दोन खोल्या बांधल्या आणि घरामागच्या मोकळ्या जागेत एकजूट क्रीडा मंडळ सुरू केलं. जागेवर आधी बाभळी होत्या. त्या त्यांनी आणि पहिल्या तुकडीच्या पोरांनी मिळून काढल्या. आमच्या शहरात नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नसतो. पाणी आलं की लोक घरातली भांडी भरतात, सर आधी मैदानाची टाकी भरायचे. सरांच्या पत्नी, आमच्या काकू, म्हणायच्या, "मातीची तहान यांना दिसते, घरातली दिसत नाही." सर हसायचे आणि पाइप मैदानाकडेच ठेवायचे.

कबड्डीत एक जण एकटा समोरच्यांच्या अंगणात जातो, कुणाला तरी हात लावून मध्यरेषेपर्यंत परत येतो. ही चढाई. कुणालाच हात न लावता परत आला तर ती रिकामी चढाई. सरांना रिकाम्या चढाईचा मनापासून तिटकारा होता. "दुसऱ्याच्या दारापर्यंत गेलास आन हाक न मारता माघारी आलास," ते म्हणायचे, "मग गेलता कशाला? वारा खायला?" रिकामं परत आलेल्याला ते मध्यरेषेवर बसवायचे. सराव संपेपर्यंत तिथंच बसायचं, ना इकडचा, ना तिकडचा. दोन्ही बाजूंचे खेळाडू अंगावरून उड्या मारून जायचे. मी त्या रेषेवर इतका बसलोय की तिथल्या मातीचा वास मला वेगळा ओळखता येतो.

हे त्यांचं शास्त्र आमच्या काळी चाललं. नुसतं चाललं नाही, गाजलं. मंडळाच्या कपाटात ढाली मावेनात तेव्हा काकूंनी काही पलंगाखाली ठेवल्या. मी पुढे विमा कार्यालयात लागलो, पोट सुटलं, आणि खेळता येईना तेव्हा मंडळाचा सचिव झालो. सर निवृत्त झाले, पण मैदानातून नाही. आणि मग खेळ बदलला. माती गेली, मॅट आली. ती सरांनी कुरकुरत का होईना मान्य केली. पण नियमही बदलला. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसऱ्या चढाईला हात लावावाच लागतो, नाहीतर चढाई करणारा बाद. सगळे संघ या नियमाचा उपयोग करून घेतात. पहिल्या दोन चढाया शांतपणे रिकाम्या टाकायच्या, दम राखायचा, वेळ काढायचा, आणि जोर तिसरीला लावायचा. आमची पोरं मात्र पहिल्याच चढाईत जिवावर उदार होऊन घुसायची आणि सात जणांच्या साखळीत सापडायची.

मी सरांना हे एकदा कागदावर रेघा मारून समजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, अर्थात माझं मनगट धरूनच. मग म्हणाले, "तिसरीपर्यंत वाट कशापायी बघायची? जे करायचं ते पयल्यांदाच करावं माणसानं."

तीन हंगाम आम्ही जिल्ह्याच्या वरच्या गटात तळाला राहिलो. आणखी एक हंगाम असाच गेला असता तर खालच्या गटात ढकलले गेलो असतो, आणि तिथं निवड समितीचं कुणी फिरकत नाही. आमच्या पोरांसाठी राज्य संघात नाव येणं म्हणजे नोकरीच्या अर्जात सांगण्यासारखी एकुलती एक गोष्ट. हर्सूलला झालेला शेवटचा सामना मला अजून दिसतो. आम्ही दोन गुणांनी पुढे, घड्याळ संपत आलेलं. समाधान हा आमचा सगळ्यात चांगला चढाईपटू. त्यानं एक रिकामी चढाई टाकली असती, नुसता तीस सेकंद नाचून परत आला असता, तरी सामना आमचा होता. जाताना त्यानं बाकाकडे पाहिलं. सरांनी मान हलवली. नाही. समाधान हात लावायला गेला, घोट्याच्या पकडीत सापडला, आणि पुढच्याच चढाईत आमचे उरलेले दोघेही बाद होऊन वर लोणाचे जादा गुण गेले.

दुसऱ्या दिवशी समाधान माझ्या कार्यालयात आला. "काका, मी पुढल्या साली दुसऱ्या मंडळाकडून खेळतो," तो म्हणाला. "सरांना तुम्हीच सांगा. मला नाय जमायचं." त्याचे डोळे भरले होते आणि मला त्याचा राग आला नाही. राग कुणाचाच येईना, ही खरी पंचाईत होती.

मंडळाच्या कार्यकारिणीची बैठक अध्यक्ष बनकरसाहेबांच्या टाइल्सच्या दुकानात, मागच्या खोलीत झाली. आम्ही सात जण, त्यातले पाच सरांच्या हाताखाली वाढलेले. पहिला अर्धा तास सगळे सरांबद्दल चांगलं बोलले. इतकं चांगलं की परका माणूस असता तर त्याला वाटलं असतं आम्ही त्यांचं नाव मैदानाला द्यायला जमलोय. मग बनकरसाहेबांनी विचारलं, नवीन कोच आणायचा का, आणि सगळ्यांनी खाली बघत हात वर केले. मीही केला. मला समाधान दिसत होता, त्याच्यामागची दहा पोरं दिसत होती, आणि तरीही तो हात वर जाताना जड झाला होता. नवीन कोच म्हणून नदीमचं नाव ठरलं. नदीम माझ्यानंतरच्या तुकडीतला. रीतसर प्रशिक्षण घेऊन आलेला, आणि तोही सरांचाच चेला.

"सरांना सांगणार कोण?" कुणीतरी विचारलं. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

"तुम्ही सचिव आहात," बनकरसाहेब म्हणाले. "शिवाय तुमच्यासारखं गोड बोलणं आम्हाला जमत नाही."

सरांकडे पहिल्यांदा गेलो त्या दिवशी नेमकं नळाला पाणी आलं होतं. आठ दिवसांनी आलेलं पाणी. सर पाइप घेऊन धावत होते, काकू ड्रम सरकवत होत्या. मला पाहून सर म्हणाले, "बरं झालं आलास, गच्चीवरची टाकी भर." मी शर्टाच्या बाह्या वर करून तासभर बादल्या वाहिल्या. पाणी गेलं, काकूंनी पोहे दिले, सरांनी पुढच्या हंगामासाठी कोणाला कुठं खेळवायचं ते सांगितलं. मी मान डोलावत राहिलो आणि घरी आलो.

बनकरसाहेबांना मी खरं सांगितलं, जमलं नाही म्हणून. ते चिडले नाहीत. त्यांनाही जमलं नसतं. त्यांनी दुसरा मार्ग काढला. "आपण सरांचा जाहीर सत्कार करू. शाल, श्रीफळ, मानपत्र. माणूस समजून जातो." हे खरंच आहे. आपल्याकडे माणसाला घरी पाठवायचं असलं की शाल पांघरतात. फलकावर 'निरोप' लिहायला मात्र कुणी तयार होईना. शेवटी 'कृतज्ञता सोहळा' असं छापलं, खाली मंडळाचं नाव आणि छत्रपती संभाजीनगर.

आमंत्रण द्यायला मी दुसऱ्यांदा गेलो. तेव्हा तरी कानावर घाल, असं सगळ्यांनी बजावलं होतं. सरांनी पत्रिका वाचली, उलटी करून मागची बाजूही पाहिली. "कशापायी रं हे?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "तुमच्या उपकारांसाठी." दुसरं काही म्हणायची ती जागा होती आणि ती मी सोडली. काकूंनी त्या कार्यक्रमासाठी कोणतं लुगडं नेसू म्हणून मला दोन लुगडी दाखवली. मी हिरवं निवडलं आणि परत आलो.

सत्कार जोरात झाला. हॉल भरला, जुने खेळाडू लांबलांबून आले. मानपत्र मी लिहिलं होतं आणि मीच वाचलं. वाचताना मला वाटत होतं, आता कळेल, या वाक्याला कळेल. सर शाल पांघरून ताठ बसले होते. मग ते उत्तराला उठले, माइकचा दांडा मनगट धरावं तसा धरला आणि म्हणाले, "तुम्ही इतकं प्रेम दिलं. आता मी कसा थांबू? अजून पाच वर्षं मी ग्राउंड सोडत नाय." हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. कार्यकारिणीच्या सातही जणांनी टाळ्या वाजवल्या. काय करणार होतो? बनकरसाहेब टाळ्या वाजवता वाजवता माझ्याकडे असे पाहत होते की मला हिरव्या लुगड्यातल्या काकूंकडे पाहवेना.

सोमवारी नदीम येणार होता. शनिवारी त्याचा फोन आला.

"कुलकर्णी, सरको बताए क्या?"

"सांगतोय," मी म्हणालो.

"बताए क्या, पूछ रहा मैं. कल सुबे भी सर ग्राउंडपे थे बोलते. सुनो, सरको मालूम हुए बगैर मैं लाइन के अंदर पाँव नहीं रखता. पकड उनोंच सिखाए मेरेको."

त्याचं बरोबर होतं. समाधानचं बरोबर होतं, कार्यकारिणीचंही बरोबर होतं, आणि सरांचं चूक होतं असं म्हणायला जीभ उचलत नव्हती. मी कुठंही सरकलो तरी कुणाच्या तरी अंगावर पाय पडणार होता. त्या रात्री बायको म्हणाली, "पत्र टाकून द्या." मी लिहायलाही बसलो. 'आदरणीय सर' एवढं लिहून झालं आणि पुढे सगळा कागद पांढरा राहिला. स्वतःची इतकी लाज मला पूर्वी कधी वाटली नव्हती.

रविवारी सकाळी मी तिसऱ्यांदा गेलो. सर ओट्यावर बसून शिट्टीच्या दोरीला गाठ मारत होते. आतून काकूंनी विचारलं, "चहा ठेवू का?"

"नको ठेवू," सर म्हणाले. "आज तो चहाला आलेला नाय."

त्यांनी शिट्टी बाजूला ठेवली आणि माझं उजवं मनगट धरलं. बोटं थोडी सुकली होती, पण पकड तीच.

"कितव्यांदा आलास रं?"

"तिसऱ्यांदा, सर."

"पयली रिकामी. दुसरी बी रिकामी." ते माझ्याकडे न पाहता मैदानाकडे पाहत होते. "तुमच्या नव्या नियमात तिसरीला काय करावं लागतं?"

मी म्हणालो, "हात लावावा लागतो. नाहीतर बाद."

"मग?"

"सर, तुम्हाला कोचपदावरून काढायचं ठरलंय. उद्यापासून नदीम येईल."

मैदानावर दोन कुत्री मॅटच्या कडेनं फिरत होती.

"आन तू?" त्यांनी विचारलं.

"मीही हात वर केला."

"कोणता?"

"हाच."

पकड आवळली नाही आणि सैलही झाली नाही. मला सुटायचं नव्हतं. खरंच, त्या क्षणी त्यांनी मला तसंच संध्याकाळपर्यंत धरून ठेवलं असतं तरी चाललं असतं.

"हर्सूलला एक रिकामी चढाई हवी होती, सर," मी म्हणालो. "एकच."

सरांनी दुसऱ्या हातानं शिट्टी जरा लांब सरकवली. मग म्हणाले, "व्हय. हवी होती. मला बी कळलं होतं. पण मान नायच म्हणाली." पुढे म्हणाले, "शाल दिली तवाच ओळखलं म्या. जित्या माणसाला इतकं चांगलं कुणी बोलत नाय."

"मग तुम्ही पाच वर्षं म्हणालात ते?"

"तोंडानं सांगाल म्हणून. सात जणांतला एकजण तरी उठंल, असं वाटलं."

त्यांनी खरंच ओळखलं होतं, की ओट्यावर बसल्या बसल्या स्वतःची लाज राखायला जुळवून सांगितलं, हे मला आजही ठरवता येत नाही. काहीही असलं तरी त्यांनी मला त्या प्रश्नातून सोडवलं नाही.

"नदीमला सांग," ते म्हणाले, "डाव्या कोपऱ्यातल्या पोराचा गुडघा दुखतो. पोरगं सवताहून सांगायचं नाय. त्याला पंधरा दिवस बसव म्हणावं."

"सांगतो, सर."

"टच झाला," ते म्हणाले. "जा. लाईन गाठ."

आणि त्यांनी मनगट सोडलं. इतक्या वर्षांत बोलणं अर्धवट असताना त्यांनी सोडल्याचं मला आठवत नाही, आणि ते अर्धवट होतं, मला तर अजून कितीतरी बोलायचं होतं. काकू दोन कप चहा घेऊन दारात आल्या तेव्हा मी फाटकापर्यंत पोचलो होतो. मी मागे वळलो नाही.

या हंगामात आम्ही तळाच्या वर दोन जागा आलो. वरच्या गटात टिकलो. समाधान गेला नाही, राज्य संघाच्या सरावाला त्याचं नाव लागलं. नदीम चांगला शिकवतो. पोरं पहिल्या दोन चढाया शांतपणे रिकाम्या टाकतात, तिसरीला घुसतात, आणि प्रेक्षकांना त्यात काही वाटत नाही. मला वाटतं. प्रत्येक रिकाम्या चढाईला माझी नजर आपोआप बाकाकडे जाते आणि मग मी घड्याळाकडे पाहिल्यासारखं करतो.

सर मैदानावर आले नाहीत. घराची मागची खिडकी उघडी असते, पण तिथं कुणी दिसत नाही. टाकी मात्र अजूनही भरलेली असते. नळाला पाणी आलं की पाइप कोण जोडतं, हे मी विचारायला गेलेलो नाही.

ते भेटतात ते गारखेड्याच्या भाजीबाजारात. थांबतात, चौकशी करतात. मुलीचं काय चाललंय, वडिलांचं पथ्य नीट चालू आहे का, समाधानचा खांदा कसा आहे. सगळं विचारतात, आणि बोलताना हात पाठीमागे बांधलेले असतात. भाजीवाल्याचं मनगट धरतात, मी लांबून पाहिलंय. माझं नाही.

परवा मी मुद्दामच उजवा हात पुढे केला. हात मिळवायला नव्हे, मनगट वर करून, कसा दिसला असेल देव जाणे. सरांनी त्या हाताकडे पाहिलं. मग पिशवीतून मेथीची एक जुडी काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली.

"कोवळी हाय," ते म्हणाले. "घरी घेऊन जा."